पंधरावं हाटेल

"आज चौदावं हाटेल. मोजलेत मी." शकूबाईने मोबाईल साखरेच्या डबीला टेकवून उभा केला आणि पदर सारखा केला. "तुझी वहिनी मला खुर्चीत बसवते, पुढ्यात काहीतरी ठेवते आणि स्वतः गल्ल्यावर जाऊन त्या माणसांशी बोलत राहते. पंधरा-पंधरा मिनिटं! सासूला बाहेर न्यायचं आणि असं टाकून जायचं, ही कुठली रीत?"

पडद्यावर तिची लेक कल्पिता वर्तकनगरच्या स्वयंपाकघरात संध्याकाळच्या भाजीची भेंडी पुसत होती. ती मान वर न करता म्हणाली,

"अगं, फिरवतेय ना ती तुला? लोक असल्या टूरला पैसे भरून जातात."

"मला फिरवते का माझ्या नावावर स्वतः फिरते, ते तिचं तिला ठाऊक."

"बरं, आज काय खातेयस?"

शकूबाईने बशी मोबाईलसमोर धरली. पापडीसारख्या पातळ, पांढऱ्या कवचाच्या दोन छोट्या शिंपल्या होत्या. एक अर्धी खाल्लेली.

"आत कालव नाय. अंड्याचा बलक न् साखर. सोमवारी अंडं खायला घातलंन बग मला."

"आणि तू खाल्लंस?"

"अर्धं पोटात गेल्यावर कळलं. मंग उरलेल्याने काय पाप केलंय?"

कल्पिता खो खो हसली. शकूबाई हसली नाही. तिने उरलेली अर्धी शिंपली तोंडात टाकली, फोन बंद केला आणि गल्ल्याकडे बघत बसली.

पोर्तुगालातल्या ह्या आवेरू गावात तिचा धाकटा मुलगा हितेश दोन वर्षांपूर्वी नोकरीला आला. तो निघाला त्या दिवशी शकूबाईने गावी कोलशेतच्या नाक्यावर फ्लेक्स लावला होता. गॉगल घातलेला हितेश, त्याच्या डोक्यावरून उडणारं विमान आणि खाली शुभेच्छुक म्हणून तिचा स्वतःचा नथीतला फोटो. पावसाने तो फाटला तेव्हा तिने दुसरा छापून घेतला. आता होळीनंतर ती तीन महिने राहायला आली होती, ती तांदळाचं पीठ, सुकट आणि वर्षभराच्या मसाल्यातला दोन किलो मसाला घेऊन. पहिल्या आठवड्यात घरात भाकऱ्या झाल्या. मग निशा, हितेशची बायको, एका सकाळी केस विंचरून उभी राहिली आणि म्हणाली, "आई, चला, आज इथलं काहीतरी खाऊन बघू."

तेव्हापासून रोज अकरा वाजता दोघी निघत. हितेश आपल्या खोलीचं दार लावून कॉम्प्युटरवर बसलेला असे. शकूबाई नऊवारीवर स्वेटर चढवी, पायात त्याने घेतलेले पांढरे बूट घाली. पाट्या वाचता येत नव्हत्या, म्हणून तिने हाटेलांना आपली नावं ठेवली: झोपाळू कुत्र्याचं, खोकणाऱ्या म्हाताऱ्याचं, लाल खुर्च्यांचं. निशा त्या त्या ठिकाणचा खास पदार्थ मागवी आणि शकूबाई तो चाखून निकाल देई. कोबीच्या पानांचं हिरवं सूप होतं, त्यात मीठ मागाहून पडलं होतं, तिला पहिल्या घोटाला कळलं. खारवलेला मासा शिजवला होता, पण पाण्यात भिजत घालताना घाई केली होती. निखाऱ्यावर भाजलेले तारलीसारखे मासे मात्र तिने चार खाल्ले, डोकीसुद्धा चोखली, आणि निशाने "आवडलं का?" विचारलं तेव्हा "बरं होतं" म्हणाली. कौतुकात ह्याच्या पलीकडे ती कधी जात नसे. नाक्यावरच्या फ्लेक्सलासुद्धा ती बरं झालं एवढंच म्हणाली होती.

आजचा गल्ल्यावरचा माणूस टकला होता आणि त्याचं पोट गल्ल्यावर टेकलं होतं. निशा त्याच्याशी अडखळत त्याच्या भाषेत बोलत होती, मध्येच हसत होती. डोंबिवलीची पोर, लग्नात सगळ्यांसमोर खणखणीत उखाणा घेणारी. इथं तिचा आवाज एवढासा झाला होता. तिने पर्समधून घडी केलेला कागद काढला, उलगडला आणि दोन्ही हातांनी पुढे केला. माणसाने तो न बघता बाजूला ठेवला. निशाने मान डोलवली आणि ती बाथरूमकडे गेली.

तेवढ्यात एका गिऱ्हाइकाने काहीतरी मागितलं. टकल्याने पेला बिअरने भरला आणि त्या कागदावर ठेवला. फेस ओघळून खाली आला.

शकूबाई उठली. गल्ल्याशी जाऊन तिने पेला उचलला आणि बाजूला सरकवला. कागदाच्या कोपऱ्यात निशाचा फोटो होता. निळा कुर्ता, केस मागे बांधलेले. पेल्याचं ओलं वर्तुळ बरोबर तोंडावर उमटलं होतं. शकूबाईने पदराच्या टोकाने ते टिपलं. माणूस काहीतरी बोलला. तिने त्याच्याकडे बघितलं, कोलशेतला मोजणीचा माणूस न सांगता जमिनीत शिरला की ती बघायची तसं.

"दिसत नाय काय रे, तोंड हाय ते?" ती मराठीतच म्हणाली.

तो मागे सरकला. गिऱ्हाईकही आपला पेला घेऊन लांब जाऊन बसलं.

निशा बाहेर आली तेव्हा सासू दारात उभी होती आणि कागद सासूच्या हातात होता.

कालव्याच्या कडेने दोघी बऱ्याच चालल्या. रंगवलेल्या होड्यांतून पर्यटक फोटो काढत जात होते.

"हा कसला कागद?"

"काही नाही, आई. असंच."

"असंच कागदावर कोण फोटो लावतं? शाळेत नाव घालतेस?"

निशा बाकावर बसली. पर्स मांडीवर घेतली, तिची चेन उघडली, परत लावली.

"ह्यांची नोकरी गेली. फेब्रुवारीतच. कंपनीने पन्नास जणांना काढलं. तुमचं तिकीट आधीच काढलेलं, म्हणून काही बोललो नाही."

"मंग तो दार लावून काय करतो?"

"अर्ज पाठवतो. रोज. उत्तरं येत नाहीत." ती थांबली. "दोघांतल्या एकाला तरी काम लागायला हवं, नाहीतर इथं राहता येणार नाही. मी हॉटेलांत विचारते. एकटी निघाले असते तर तुम्ही विचारलं असतंत, रोज कुठं जातेस. म्हणून..."

"म्हणून मला काखोटीला मारलंस."

निशाने पर्सची चेन पुन्हा ओढली.

"चौदा ठिकाणी."

"हो. पण आई, तुम्ही आवडीने खाताय असं पण वाटलेलं मला. खोटं नाही सांगत."

"ते राहू दे. पुढं बोल."

"हे म्हणाले, आईला कळलं तर उद्याच्या विमानाने घरी नेईल. आणि घरी गेलो तर..." निशाने वाक्य तोडलं. मग हळूच म्हणाली, "तो फ्लेक्स अजून आहे ना, आई? त्यांच्या मित्राने परवाच फोटो पाठवलेला. तो बघून ते दोन दिवस जेवले नाहीत."

शकूबाईने बाकाच्या लाकडावर तळहात घासला. तोंडात सगळं तयार होतं. आपल्या जमिनीवर दोन टॉवर उभे आहेत. आपल्या घरातली सून, आणि ती लोकांच्या हाटेलात जाऊन... तिने तोंड उघडलं, आणि निशाच्या हातांकडे तिची नजर गेली. पर्सची चेन तिने एवढ्यात चौथ्यांदा उघडली होती.

"मला भूक लागलीय," शकूबाई म्हणाली. "ती शिंपली काय पोटाला पुरते?"

अडीच वाजून गेले होते. स्टेशनकडच्या गल्लीत एक अरुंद हाटेल उघडं दिसलं. निशा तिथे कधी गेली नव्हती. आत गिऱ्हाईक कोणी नव्हतं. काळा स्वेटर घातलेली एक म्हातारी बाई, मालकीणच असावी, मोठं पातेलं टेबलावर घेऊन उभी होती आणि तिच्या भोवती तिघं बसले होते: आचारी, वाढणारी मुलगी आणि भांडी घासणारी एक जाडजूड बाई, जिच्या बाह्या कोपरापर्यंत ओल्या होत्या. म्हातारीने ह्या दोघींना पाहून पंजा वर केला आणि काहीतरी सांगितलं.

"त्या म्हणतायत, आधी कामाची माणसं जेवून घेतात, मग तुम्हाला वाढते. वीस मिनिटं लागतील. चला आई, दुसरीकडे जाऊ."

शकूबाई बसलीसुद्धा होती.

गावच्या कुठल्याही लग्नात पहिलं पान तिचं असायचं, आणि ते उशिरा आलं म्हणून ती एकदा न जेवता उठून आली होती. निशाला ते माहीत होतं. ती बिचकतच शेजारी टेकली.

म्हातारी वाढत होती. मासे घालून शिजवलेला लालसर, पातळ भात. माशाचा मोठा तुकडा तिने शोधून काढला आणि भांडी घासणाऱ्या बाईच्या ताटात घातला. ती बाई नको नको म्हणत होती. म्हातारीने तिच्या हातावर चमचा आपटला, सगळे हसले.

"माझ्या माहेरची मिठागरं होती, असं मी सांगते ना?" शकूबाई तिकडे बघतच म्हणाली.

"हो. हे पण सगळ्यांना सांगतात."

"आमची नव्हती ती."

निशाने वळून बघितलं.

"मालक दुसरा. आम्ही मीठ ओढायचो. आई न् मी. पायाला भेगा पडायच्या, त्यात मिठाचं पाणी. मालक बांधावर छत्रीखाली बसून जेवायचा, त्याचं झालं की उरलेलं आमच्याकडे यायचं. कधी यायचं, कधी नाय." तिने टेबलावरचा पावाचा चुरा बोटाने गोळा केला. "मंग आईने ते सोडलं आणि दुसरीकडे लागली. लांब होतं, चालून जीव जायचा. पण तिथली मालकीण डोक्यावर टोपली घेऊन स्वतः यायची. आधी आम्हाला वाढायची. आई हातपाय चालेपर्यंत तिथंच गेली. जास्त मजुरीला बोलावलं तरी दुसरीकडे नाय गेली."

"ह्यांना माहीत नाही हे?"

"कोणालाच नाय. तुझ्या सासऱ्यांना पण मी खोटंच सांगितलेलं."

निशाने पाण्याचा ग्लास सासूकडे सरकवला.

तिघांची जेवणं झाली. आचारी बिडीसारखं काहीतरी वळत बाहेर गेला. म्हातारीने दोन ताटं भरून ह्यांच्या पुढ्यात आणून ठेवली आणि सांडलेला रस्सा फडक्याने पुसून घेतला. मग पातेल्याच्या तळाचं खरवडून तिने बशीत काढलं आणि ती कोपऱ्यातल्या स्टुलावर जेवायला बसली.

सोमवार तसाही मोडलाच होता. शकूबाईने एक घास घेतला. दुसरा घेतला. चमचा ठेवून हातानेच जेवायला लागली. अर्धं ताट संपल्यावर तिने डाव्या हाताने कमरेला खोचलेला निशाचा कागद काढला आणि निशासमोर ठेवला. तो आता वाळला होता. फोटोवरचं वर्तुळ तेवढं राहिलं होतं.

निशा कागदाकडे आणि मग सासूकडे बघत राहिली. तिचे डोळे भरून आले होते. घाईघाईने ते पुसून, कागद उचलून ती उठायला लागली, तशी शकूबाईने उष्ट्या हाताचं कोपर तिच्या मांडीवर दाबून तिला खाली बसवलं.

"तू खोटी हायस निशा. मला पुढं करून दारोदार हिंडलीस, ते मी विसरायची नाय. पण काम मागताना लाजली नायस, ते बरं केलंस. हिच्याकडे भांडी घासायला सांगितली तर भांडी घास, हितेशला काय सांगायचं ते मी बघते. आता गप बस. आधी हिचं जेवण होऊ दे, मंग जा."