भिंतीवरचे कुंकवाचे हात

मी एक जुनी पॉवर प्रेस आहे, मित्रांनो. नाव भारदस्त, काम एवढंसं: खाली पत्रा ठेवला की वरून दणका द्यायचा. भांडुपच्या एका गाळ्यात बारा वर्षं मी हेच करते आहे. तुमच्या दप्तराच्या पट्ट्याला लोखंडी बक्कल असतं ना, तशी लाखो मी पाडली असतील. तेव्हा माझी गोष्ट ऐकून घ्या. गोड नाही, आधीच सांगते.

मला घडवणारे कारागीर शहाणे होते. त्यांनी मला दोन बटणं दिली, एक डाव्या हाताला, एक उजव्या. दोन्ही एकदम दाबल्याशिवाय माझा ठोकळा खाली यायचा नाही. म्हणजे दणका बसताना बाईचे दोन्ही हात बाहेर. मला त्या बटणांचा फार अभिमान होता. पण आमच्या शेठना, चंद्रप्रकाशना, तो वेळकाढूपणा वाटला. त्यांनी दोन्ही वायरी तोडल्या आणि पायाखाली पेडल बसवलं. "आता कशी पळते बघ," म्हणाले. पळाले मी. बाईचा हात आत असतानाही पळाले.

सोनूबाईची दोन बोटं मीच तोडली. मूळची मालवणकडची, नवरा गेल्यावर पोटासाठी इथे आलेली. त्या दिवशी ती चौदा तास उभी होती. तिचा डोळा लागला आणि पाय पेडलवर पडला. हाड तुटल्याचा आवाज पत्र्याच्या आवाजाहून वेगळा असतो. तो अजून माझ्या कानातून जात नाही. रक्त बक्कलांवर सांडलं. शेठ धावत आले आणि दुसऱ्या बाईला म्हणाले, "आधी माल पूस."

आठ दिवसांनी सोनूबाई पुन्हा माझ्यासमोर उभी. जाणार कुठे बिचारी? पाचही बायकांची आधार कार्डं आणि फोन शेठच्या खणात, राहणं वरच्या माळ्यावर आणि शटरला बाहेरून कुलूप.

आमची बक्कलं घेऊन दप्तरं विकणारी कंपनी अंधेरीची. ती वर्षातून एकदा तपासणीला माणूस पाठवायची, पण आठ दिवस आधी कळवून. झालं! माझ्या वायरी जोडल्या जायच्या, बायकांना हातमोजे मिळायचे, सोनूबाईला माळ्यावर कोंडलं जायचं. साहेब चहा प्यायचा, कागदावर 'अपघात शून्य' लिहायचा आणि जायचा. संध्याकाळी वायरी पुन्हा तोडलेल्या. अंगाची लाही व्हायची माझ्या, पण मशीनचा राग विचारतो कोण?

गेल्या वर्षी श्रावणात सहावी बाई आली, अक्षता. एकोणीस वर्षांची, देवगडची. पॅकिंगचं काम आहे सांगून तिला आणलं होतं. तिसऱ्या आठवड्यात माल न्यायला टेम्पो आला, शटर उघडलं, तशी ती पळाली. शेठनी तिला नाक्यावर गाठलं आणि केसाला धरून फरफटत आणलं. पट्ट्याने फोडून काढलं. तेवढ्याने समाधान होईना, म्हणून मनगट धरून तिचा हात माझ्या ठोकळ्याखाली घातला आणि स्वतःचा पाय पेडलवर ठेवला.

"पळायचंय ना? बोटं इथे ठेव आणि पळ."

मी काय करणार होते, मित्रांनो? माझं चाक फिरत होतं. तेवढ्यात सोनूबाई पुढे झाली. आपला तीन बोटांचा हात तिने अक्षताच्या हातावर ठेवला.

"दोघींचे घे, शेठ. मग उद्या माल कोण काढतलो?"

शेठनी पाय काढला. मग लोखंडी पट्टी उचलून सोनूबाईच्या पाठीत घातली. ती खाली बसली, पण अक्षताला म्हणाली, "तुझी बोटां अजून धड आसत गो. ती सांभाळ."

आमच्या गाळ्यात एक रीत होती. दसऱ्याला माझी पूजा झाली की प्रत्येक बाईने मागच्या भिंतीवर कुंकवाचा हात उमटवायचा, खाली नाव आणि साल. ते हात पुसले तर लक्ष्मी रुसेल, अशी शेठची समजूत, म्हणून भिंतीला कधी चुना लागला नाही. एरवी तिथे खोक्यांची थप्पी असायची. पूजेपुरती ती हलवायचे.

त्या दसऱ्याला शेठनी कंपनीत तपासणीच्या कामावर नव्याने लागलेल्या रुचिरा मॅडमना प्रसादाला बोलावलं. मशीन बंद, सण आहे, भीती कसली! मॅडमनी पेढा घेतला आणि भिंतीकडे बघत राहिल्या.

"ही सोनूबाई इथे पाच बोटांची आहे, शेठ. पुढच्या साली तीनच कशी?"

"कुंकू कमी लागलं असेल, मॅडम. अजून एक पेढा घ्या ना."

सोनूबाईने हात कुंकवाच्या ताटात मनगटापर्यंत बुडवला आणि त्यांच्या डोळ्यांदेखत भिंतीवर दाबला. तीन बोटं उमटली.

"कुंकू भरपूर लावलंय, मॅडम," ती म्हणाली.

मग अक्षता बोलली. "माझं कार्ड ह्यांच्या खणात आहे. मला घरी जायचंय. हे सोडत नाहीत."

शेठनी तिच्या थोबाडीत दिली, इतकी की ती माझ्यावर आदळली. मॅडम पोलिसांना फोन लावत शटरखाली जाऊन उभ्या राहिल्या. शेठनी त्यांना ढकललं. त्यांचं कपाळ फुटलं, रक्त डोळ्यात उतरलं. तरी पोलीस येईपर्यंत त्यांनी ते शटर खाली ओढू दिलं नाही. पोलीस शेठना घेऊन गेले आणि खणातली कार्डं, फोन बायकांना परत मिळाले.

कंपनीला ऑर्डर रद्द करून मोकळं होता आलं असतं. मग बायका रस्त्यावर आल्या असत्या. मॅडम कंपनीच्या वरच्या साहेबांशी भांडल्या. आता गाळा कंपनीच चालवते, तपासणी न कळवता होते आणि बायकांशी बोलताना नव्या मुकादमाला बाहेर बसवतात. माझी बटणं परत आली. मी सावकाश चालते आणि कोणी मला शिव्या देत नाही.

मित्रांनो, दप्तर घेताना तुम्ही रंग बघता, खिसे मोजता. एकदा दुकानदाराला हेही विचारा, की हे बनवलं कोणी. त्याला ठाऊक नसेल. तरी विचारा, म्हणजे तो पुढच्याला विचारेल. माझ्यापर्यंत कोणी पोहोचायचं तर आधी कोणीतरी विचारायला हवं, आणि मी वर्षानुवर्षं वाट बघितली.

परवा दसरा झाला. भिंतीवर पाच हात उमटले. सहावा नाही. अक्षता आपली दहाही बोटं घेऊन देवगडला गेली.