चुका : शून्य

संगणकावरचे प्लास्टिकचे आवरण अर्धे काढून रतन तसाच थांबला. ऊन आत येत होते. समोरच्या शेडच्या पत्र्यांवरून ते आधी झडपेच्या काचेवर टेकले, तिथे साचलेल्या रंगाच्या धुळीत किंचित पिवळे झाले, मग भिंतीवरून संथपणे उतरत टेबलाच्या कडेशी आले. इतक्या साध्या, रोजच्या उजेडाकडे आपण एवढा वेळ का पाहतो आहोत, हे त्याला ठाऊक होते. ऊन टेबलावर पसरले की नऊ वाजत, आणि नऊ वाजता मशिनांतली माहिती पुसणारा इंजिनियर यायचा होता.

ठाण्याच्या त्या रंगाच्या कारखान्यात बासष्ट संगणक होते. प्रत्येकाच्या पाठीवर कागदी क्रमांक, आणि कोणता क्रमांक कुठे आहे, किती जुना आहे, याची नोंद रतनकडे. पूर्वी भांडारातले त्र्यंबकराव दर तीन महिन्यांनी वही घेऊन खोलीखोलीतून फिरत आणि वाकून क्रमांक वाचत. उन्हाळ्यात रतनने एक प्रोग्रॅम लिहिला. कुठे रकाना रिकामा राहिला का, एकच क्रमांक दोनदा आला का, हे तो आपोआप तपासत असे. साहेब खूश झाले. त्र्यंबकरावांची फेरी बंद झाली. त्याच नोंदींतून अकरा जुन्या मशिनांची यादी निघाली होती. ती पुसून आज भंगारात जायची होती. यादीखाली रतनची सही होती, आणि त्याची नोकरी पक्की व्हायला एक महिना उरला होता.

त्र्यंबकराव चहाचे दोन ग्लास घेऊन आले.

"काय रे, किती चुका म्हणतोय तुझा भिडू?"

"शून्य."

"वा. आमच्या वहीत दर खेपेला पाच-सहा तरी निघायच्या." त्यांनी फुंकर मारून घोट घेतला. "दसऱ्याचं धरलंयस ना त्यात?"

"दसऱ्याचं काय?"

"अरे, पूजेच्या आदल्या दिवशी पोपट शिपायाने सगळ्या संगणकांचे डबे ओल्या फडक्याने पुसले. नंबरच्या चिठ्ठ्या सुटून आलेल्या. त्याने खिशात जमवल्या आणि संध्याकाळी खळीने परत लावल्या. मला म्हणतो, काका, अंदाजाने लावल्या."

रतनचा ग्लास टेबलावर टेकताना वाजला. त्याने प्रोग्रॅम पुन्हा चालवला. चुका : शून्य. तिसऱ्यांदा चालवला. नोंदी बरोबर आहेत, तो स्वतःला सांगत राहिला. नोंदींत काहीच हललेले नाही.

इंजिनियर वेळेवर आला आणि यादी हातात धरून क्रमांक शोधत निघाला. रतन दोन पावले मागे. पहिली दोन मशिने प्रयोगशाळेत सापडली. तिथे अजून कोणी आले नव्हते. ती पुसून होईपर्यंत रतन चौकटीला धरून उभा राहिला.

तिसरे, एकतीस क्रमांकाचे, कारखान्याच्या दवाखान्यात होते. सगुणा नर्स खुर्चीतून उठली नाही.

"ह्याला हात नको लावूस. कामगारांच्या रक्ताच्या तपासण्या हायेत ह्यात, सहा वर्षांच्या. कोणाच्या अंगात किती शिसं गेलंय, ते सगळं. कागद तर कवाच भिजून गेले."

"बाई, लिस्टमध्ये नंबर आहे. खाली सहीपण आहे."

"सही करणाऱ्याला इकडं कधी बघितला नाय मी."

इंजिनियर हसला. फ्लॉपी आत सरकवून तो रतनकडे वळला.

"बोला साहेब, पुसू? एकदा गेलं की गेलं."

मशीनचा पंखा घरघरत होता. सगुणा आता रतनकडे पाहत होती. तो सही करणारा हाच, हे तिला अजून कळले नव्हते. रतनने चष्मा काढला, शर्टाच्या टोकाला पुसला, पुन्हा लावला.

"थांबा," तो म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच परका वाटला. "सही माझी आहे. करताना यातलं एकही मशीन मी बघितलेलं नव्हतं."