हात जोडा, कौशल्याबाई

माझ्यावर हौसेने कोणी चढत नाही, मित्रांनो. झोपाळ्यावर माणूस हौसेने बसतो. माझ्यावर मात्र डॉक्टरांनी सांगितलं म्हणून चढतो, आणि चढला की आधी डोळे मिटून घेतो. मी एक म्हातारा वजनकाटा आहे. जमिनीलगत लोखंडी पाट, मागे उभा खांब आणि खांबावर लाल आकड्यांचा डबा, असं माझं रूप. नागपुरात हुडकेश्वरच्या रस्त्याला एका ट्रस्टचं डायलिसिस केंद्र आहे, तिथे माझी अर्धी हयात गेली. सध्या मुक्काम जिन्याखाली. माझ्या पाटावर फिनाईलची बादली ठेवून दिली आहे. विचारलंत तर सांगतो, साडेसहा किलो भरते. पण कोणी विचारत नाही.

असो. रडगाणं गायला मी बसलो नाही. मला एका बाईच्या हाताबद्दल सांगायचं आहे.

कारखान्यात माझा जन्म झाला तेव्हा वीस-वीस किलोची वजनं अंगावर ठेवून त्यांनी माझी परीक्षा घेतली. पास झालो, सरकारी शिक्का लागला आणि त्या दिवसापासून खरं तेच सांगायचं असा माझा हेका झाला. पहिली नोकरी मिळाली मधुकररावांच्या संत्र्यांच्या गोदामात, कळमन्याच्या वाटेवर. मालक सरळ माणूस, पण येणारेजाणारे सगळेच सरळ कसे असतील? एखादा बहाद्दर क्रेट ठेवता ठेवता पायाचा अंगठा हळूच माझ्यावर टेकवायचा, वजन वाढावं म्हणून. त्याला वाटायचं, लोखंडाला काय कळतं! अरे, मला सगळं कळतं. जिवंत माणसाचा चोरटा भार एका जागी ठरत नाही. आकडा थरथरायला लागतो. मधुकरराव तो थरथरता आकडा बघायचे आणि आवाज न चढवता म्हणायचे, "पाय काढ गा." एवढंच. चारचौघांत शोभा करायची नाही, ही त्यांची रीत होती.

पुढे मधुकररावांच्या पत्नीच्या, प्रेमिलाताईंच्या, किडन्या निकामी झाल्या. त्या चाकाच्या खुर्चीवर यायच्या आणि केंद्रात तेव्हा घरगुती, पावलाएवढा काटा. खुर्ची त्याच्यावर चढणार कशी? मधुकररावांनी मला गोदामातून उचललं, टेम्पोत टाकलं आणि इथे आणून ठेवलं. दोन वर्षं प्रेमिलाताई आठवड्यातून तीनदा खुर्चीसकट माझ्यावर बसल्या. त्या गेल्या, पण मधुकररावांनी मला परत नेलं नाही.

डायलिसिस म्हणजे काय, ते मी इथे ऐकून ऐकून शिकलो. किडनी बंद पडली की प्यायलेलं पाणी बाहेर पडत नाही, अंगातच साठत जातं. मशीन ते काढते. पण किती काढायचं? ते ठरतं वजनावरून. मागच्या वेळेपेक्षा दोन किलो वाढलं तर दोन लिटर पाणी जास्तीचं, असा साधा हिशेब. आकडा चुकला तर पाणी आत राहतं, आणि राहता राहता ते फुप्फुसात उतरतं. म्हणजे मित्रांनो, संत्री तोलताना चूक झाली असती तर भांडण झालं असतं, इथे चूक झाली तर माणूस जाणार. 

सोमवार, बुधवार, शुक्रवार सकाळच्या पाळीचे मुख्य म्हणजे नत्थूजी. कामठीला आयुष्यभर यंत्रमाग चालवलेला हा माणूस, सहा वर्षांपासून डायलिसिसवर, शेअर ऑटोने सगळ्यांच्या आधी हजर. डॉक्टर औषध लिहून द्यायचे, पण ते औषध घेऊन जगायचं कसं, हे नत्थूजींनी शिकवायचं. दिवसभराचं पाणी सकाळीच एका छोट्या बाटलीत भरून ठेवा. तहान लागली की गुळणी करा, नाही तर बर्फाचा खडा चघळा. मिठाची बरणी ओट्यावरून उचला. सावजीच्या रश्शाकडे बघूसुद्धा नका, ते मीठ दिवसभर पाणी मागतं. शेजारीपाजारी प्रेमाने नारळपाणी आणतील, संत्र्याचा रस देतील, तर त्यांना हात जोडा आणि आधी सिस्टरला विचारा. नवीन माणूस सुया पाहून घाबरला की नत्थूजी आपली बाही वर करायचे, शस्त्रक्रियेने फुगवलेल्या शिरेवर त्याचा हात ठेवायचे आणि आतली थरथर दाखवायचे. ही शीर आपली गाय आहे, हिला जपायचं, असं म्हणायचे.

आणि एक होती पाटी. ही कल्पनाही नत्थूजींचीच. त्याच पाळीत गोपिका नावाची शाळामास्तरीण यायची, तिचं अक्षर देखणं. ज्याचं वजन सर्वांत कमी वाढलं त्याचं नाव ती माझ्या शेजारच्या पाटीवर खडूने लिहायची, भोवती वेलबुट्टी काढायची आणि सगळी खोली टाळ्या वाजवायची. खरं सांगतो, मला त्या टाळ्या फार आवडायच्या. काट्याच्या आकड्याला कोणी टाळ्या वाजवतं का हो कधी?

मग होळीच्या सुमारास कौशल्याबाई आल्या. पंचेचाळिशीच्या, एका खानावळीत पोळ्या करणाऱ्या. पहिल्या दिवशी दारातच बसून रडल्या, आत यायलाच तयार होईनात. नत्थूजी त्यांच्याजवळ जमिनीवर बसले आणि अर्धा तास निव्वळ कामठीच्या मागांच्या गोष्टी सांगत राहिले. त्या हसल्या तेव्हाच उठले. बाई चटकन शिकणाऱ्या होत्या. तिसऱ्या आठवड्यात त्यांचं वजन फक्त एक किलो दोनशे वाढलं आणि गोपिकाने पाटीवर नाव लिहिलं, कौशल्या. बाई ते कितीतरी वेळ बघत राहिल्या. मग वजन लिहून घेणाऱ्या कामिनी सिस्टरला म्हणाल्या की चौथीत शाळा सुटली, पाटीवर नाव कधी लागलंच नव्हतं.

मे महिना आला. नागपूरचा मे काय असतो ते तुम्हाला मी सांगायला नको, आणि त्यात बाई भट्टीसमोर. त्या सोमवारी वजन तीन किलो सातशेने वाढलं. खोलीतून "अवं बाप्पा!" असा एकच सूर निघाला. सगळे प्रेमाचेच होते, त्यात वाईट हेतू कोणाचा नव्हता. पण गोपिकाने नाव पुसलं, नत्थूजींनी बाटलीचा धडा पहिल्यापासून सांगितला, पलीकडच्या खाटेवरून बर्फाचा सल्ला आला, अलीकडच्या खाटेवरून लिंबाचा. सल्ल्यांचा नुसता पाऊस पडला. तुला एवढी तहान लागते कशाने, हे एकानेही विचारलं नाही. बाई मान खाली घालून हो हो म्हणत राहिल्या.

बुधवारी त्या माझ्यावर चढल्या आणि त्यांचा उजवा हात भिंतीच्या दांडीवर गेला. म्हाताऱ्यांना आधाराला म्हणून ती स्टीलची दांडी माझ्या बाजूला लावलेली होती. बाईंनी ती धरली आणि हळूच स्वतःला वर उचललं. माझा आकडा खाली आला. गोदामात लोकांनी माझ्यावर भार चोरून ठेवला होता. भार चोरून काढून घेणारा हात मी पहिल्यांदाच पाहिला.

काय करणार मी? मला वाचा नाही. कामिनी सिस्टर धावपळीत, तिने डब्यावर दिसला तो आकडा लिहिला. मशीनने दीड लिटर काढलं, काढायला हवं होतं तीन. डायलिसिसनंतरच्या वजनालाही तोच हात दांडीवर. शुक्रवारी पुन्हा तेच, सोमवारी पुन्हा तेच. पाटीवर नाव परत आलं, वेलबुट्टी आली, टाळ्या वाजल्या. त्या टाळ्या मला नकोशा झाल्या, मित्रांनो. मी आकडा थरथरवत होतो, जीव तोडून थरथरवत होतो, पण टाळ्या वाजवणारी माणसं आकड्याकडे नीट बघत नाहीत.

दुसऱ्या शुक्रवारी बाई आल्या त्या चपला हातात घेऊन. पायात शिरतच नव्हत्या. रात्री आडवं होता येत नाही, भिंतीला टेकून बसते, असं कोणाला तरी सांगत होत्या आणि सांगताना चार शब्दांत दोनदा थांबत होत्या. माझ्यावर चढल्या. हात दांडीवर गेला. डब्यावर त्रेपन्न आणि काहीतरी, पुढचा आकडा नाचत होता. कामिनी सिस्टर लिहायला वाकली.

नत्थूजी बाकावर बसले होते. त्यांनी चपलांकडे पाहिलं, सुजलेल्या पायांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. पन्नास वर्षं मागावर धागा कुठे ताणला जातो ते हेरणारा डोळा तो. ते उठले, बाईंच्या समोर येऊन उभे राहिले आणि देवळात बोलावं तसं हळू बोलले.

"कौशल्याबाई, जरा हात जोडा बरं."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. दांडी सुटली. दोन्ही हात छातीशी आले आणि माझ्यावर त्यांचा सगळा भार उतरला. मी सत्तावन्न किलो आठशे दाखवले. आकडा अजिबात हलला नाही. जास्तीचं पाणी नसताना त्यांचं वजन बावन्न भरायचं. पावणेसहा किलो पाणी त्या बाईच्या अंगात होतं.

 कामिनी सिस्टरने डॉक्टरांना हाक मारली, ऑक्सिजन लावला. एवढं पाणी एका दमात काढता येत नाही, म्हणून त्या दिवशी साडेतीन लिटर काढलं, उरलेल्यासाठी शनिवारी पुन्हा बोलावलं. आणखी एक दिवस गेला असता तर बाई हाती लागल्या नसत्या, हे डॉक्टर दाराशी सिस्टरला सांगत होते. मी तेव्हा दाराशीच असायचो, मी ऐकलं.

मशीन सुरू झाल्यावर तासाभराने बाईंचा श्वास खाली बसला आणि त्या रडू लागल्या.

"तुमी सारे एवढ्या मायेनं सांगून राहिले होते," त्या म्हणाल्या, "मले जास्त आकडा दाखवायची लाज वाटे."

नत्थूजी शेजारच्या खाटेवर होते.  ते सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. "मी बी धरली होती दांडी, पयल्या वर्षी. चौथ्या दिवशी आयसीयूत होतो. इतक्या वर्षांत कोनाले सांगतलं नाही. माही चूक आहे, बाई. पाटी मी लावली, अन् तुमाले तहान काहून लागते ते इचारलंच नाही."

मग त्यांनी विचारलं. आणि तेव्हा कुठे भट्टीची गोष्ट निघाली, अकरा ते दोन दीडशे पोळ्यांची. भट्टीजवळच्या धगीचं नत्थूजींना वेगळं सांगावं लागलं नाही, मागांच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचा जन्म गेला होता. मानेवर ओला पंचा, गुळणीचा तांब्या हाताशी, आणि पोळ्या भाजायचं सोडून लाटायचं काम मागून घ्यायचं. खानावळवालीशी गोपिका स्वतः बोलून आली. पाळी सुटताना नत्थूजींनी पाटी ओल्या फडक्याने पुसली. नंतर तिच्यावर फक्त पुढच्या तपासणीची तारीख लिहिली जायची.

तेव्हापासून त्या खोलीत रीत पडली. माझ्यावर चढायचं ते हात जोडून. बाहेरचं कोणी पाहिलं तर त्याला वाटायचं, ही माणसं काट्याच्या पाया पडतात.

मागच्या बैलपोळ्याच्या आठवड्यात नत्थूजी गेले. सोमवारी त्यांची खाट रिकामी होती, बुधवारी तिच्यावर दुसरं कोणी आलं. त्यानंतर ट्रस्टने खुर्चीचा नवा काटा घेतला, तो भिंतीच्या त्याच दांडीशेजारी ठेवला. मी जिन्याखाली आलो. मला विसरलात तरी चालेल, पण वर्षातून एकदा त्या नव्याची तपासणी करून घ्या, बाबांनो. आणि तुमच्या घरी कोणी आजारी असेल, त्याची साखर असो, रक्तदाब असो की वजन, तर आकडा विचारण्याआधी त्याचा दिवस कसा गेला ते विचारा. शाबासकी द्या, पण इतकी नको की खरं सांगायची त्याला चोरी व्हावी.

परवा सकाळी वंदना नावाची एक नवी बाई आली. जिन्याखालून मला फक्त तिचे पाय दिसत होते. नव्या काट्यावर बसली आणि तिच्या टाचा हळूच वर उचलल्या गेल्या, म्हणजे हात दांडीवर गेला असणार. मग ओळखीचा आवाज आला. कौशल्याबाई आता त्या पाळीतल्या सगळ्यांत जुन्या आहेत.

"हात जोडा, वंदनाताई," त्या म्हणाल्या. "आकडा किती बी येऊ द्या. आमी आहो इथं."