पुन्हा पुन्हा पाहिलेलं पाखरू

१. पतंग करडा, करंगळीच्या नखाएवढा असल्यास: पुढे २.
   नसल्यास: परत जा.

शीला परत जायला आली नव्हती. धाकट्या दिराला, विक्कीला, घेऊन ती मारेगावहून एसटीनं यवतमाळला आली होती, कॉलेजात कीटकशास्त्र शिकवणाऱ्या नाजिया मॅडमकडे. काडेपेटीत, कापसावर, एक मेलेलं पाखरू.

"आमच्या भाऊचं संशोधन," विक्की म्हणाला. "साऱ्या गल्लीले सांगतलं, हे बोंडअळीचं पाखरू नाही, फवारू नका. लोकायनं ऐकलं. मंग बोंडं फोडली तं आत अळ्याच अळ्या!"

"बोंडअळीवालं मागून आलं असन," शीला म्हणाली. "हे वेगळंच हाये म्हणत होते ते."

ते म्हणजे तिचा नवरा, राजदीप; हे पाखरू त्यानंच पकडलेलं. थंडीत तापानं गेला. गाव मातीला आलं, पण कोणी चार शब्द बोललं नाही.

२. पुढच्या पंखांवर गडद पट्टे असल्यास: ३.
   नसल्यास: ४.

जात ओळखायचा तक्ता शेजारी उघडून नाजियानं सूक्ष्मदर्शकातून पाहिलं. असल्यासही नाही, नसल्यासही नाही. पंख नुसते काचेसारखे.

"यावरचे खवले कुठं गेले? कुणी हात लावला होता?"

"मीच," शीला म्हणाली. "रोज बोटावर घेऊन पाहाची."

३, ४, ५, ६: या पाखराला लागू नाहीत.

"आता एकच उपाय, ताई. पोट कापून कॉस्टिक सोड्यात उकळायचं. आतला कठीण भाग उरतो, त्यावरून जात कळते. पण पाखरू अख्खं राहणार नाही."

"राहू दे वयनी," विक्की एकदम म्हणाला. "लोक बोलतेत तं बोलू दे. चाल घरी."

"कापा मॅडम."

७.

सातवर नाजियानं उकळून उरलेला भाग सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. दोनदा पाहिलं. तिसऱ्यांदा पाहिलं.

"बोंडअळीचंच आहे."

विक्की खिडकीशी जाऊन उभा राहिला. त्याला खोकला आला, किंवा त्यानं आणला.

कॉलेजात ठेवलेल्या प्रत्येक कीटकाच्या टाचणीला चिठ्ठी लागते: जात, गाव, पकडणाऱ्याचं नाव. 'बोंडअळी', 'मारेगाव' अशा दोन ओळी लिहून नाजियानं विचारलं, "राजदीप... आडनाव काय?"

"त्यायचं नका लिहू. माहं लिहा."

"पकडलं तर त्यांनी ना?"

"हो," शीला म्हणाली. "पण माहं लिहा."