त्यांच्या वजनाची वाळू

मी एक वाळूची पिशवी. दिसायला बेढब, स्वभावाने आळशी. कुणी उचललं की हातातल्या हातात कलंडते. पण त्यासाठीच तर माझा जन्म झाला.

मला शिवलं शिंपीणबाईंनी. त्यांच्या नवऱ्याचं एक अंग लुळं पडलं होतं. पलंगावरून खिडकीजवळच्या खुर्चीत बसवायला दोन माणसं लागत. दीर म्हणाले, "वहिनी, तुम्हाला पेलवायचं नाही. दादाला एखाद्या संस्थेत ठेवू या."

बाईंनी थोडी मुदत मागून घेतली आणि थेट मास्तरांकडे आल्या. एका दुकानाच्या माडीवर मास्तर मोजक्या लोकांचा व्यायाम घेत. पिळदार दंड तिथे कुणालाच नको होते. ड्रायव्हरकाकांना कंबर न धरता गाडीतून उतरायचं होतं, एका आजींना नातीला कडेवर घ्यायचं होतं.

"मला यांना उचलता आलं पाहिजे," बाई म्हणाल्या.

"लोखंड सरळ असतं हो, माणूस कलंडतो," मास्तर म्हणाले. "एक पिशवी शिवून आणा."

ताडपत्रीचं कापड, दुहेरी शिवण, वाळू घालता-काढता यावी म्हणून तोंडाला नाडी. अशी मी आले. पहिल्या दिवशी जेमतेम तळ झाकेल एवढीच वाळू घातली, तरी बाईंना दरदरून घाम फुटला. "पाठ नको, गुडघे वाकवा. पोटाशी घ्या," मास्तर सांगत. एकाला धाप लागली की सगळे थांबत, पाणी पुढे करत, वर चिडवतही.

मी हळूहळू भरत गेले. मग एकदा, नवऱ्याच्या वजनाइतकी झाल्यावर, बाईंनी मला उचलून खुर्चीत बसवलं. काकांनी शिट्टी मारली. बाकीचे मला धपकन टाकत, बाई मात्र कायम हलकेच ठेवत. घरी दीरांनी संस्थेचा विषय पुन्हा काढला नाही.

नंतर एका सकाळी बाई म्हणाल्या, "मास्तर, थोडी वाळू काढा."

"सगळ्यांचं वजन चढतं, तुमचं उलटंच," काका हसले.

"घरीही उतरतंच आहे, काका. जास्त जोर लावला की त्यांना हिसका बसतो."

काकांनी मान खाली घातली. पुढे दवाखान्यात नवऱ्याचं वजन करून आल्या की बाई माझी नाडी सोडत. त्यांची ताकद वाढत होती आणि मी रिकामी होत होते. मला फार वाईट वाटायचं, पण मी कुणाला सांगणार?

मग काही दिवस त्या आल्याच नाहीत. आल्या तेव्हा एवढंच म्हणाल्या, "शेवटच्या सकाळीही खिडकीत बसले होते."

मास्तरांनी वाळूची बादली पुढे केली. बाईंनी मानेनेच नको म्हटलं. सुईदोरा काढला, नाडी ओढून टाकली आणि माझं तोंड बारीक टाक्यांनी शिवून टाकलं. तोवर काका मला दोन्ही हातांनी धरून बसले होते.

आता बाई दुसऱ्या, जड पिशवीने व्यायाम करतात. पण आधी एकदा मला उचलतात. मी त्यांना अगदीच हलकी वाटत असेन, तरी त्या गुडघे वाकवतात, पोटाशी घेतात, खिडकीपर्यंत नेतात.

कधी त्या माडीवर आलात तर तुम्हीही मला खुशाल उचला. फक्त खाली ठेवताना आपटू नका.