दारावरचा चिखल

साडू निलेशच्या जीपचं नाव काढलं तरी माझं डोकं फिरतं. मी अंबडच्या कारखान्यात फिटर. वर्षभर एकही रविवार मला घरात बसू दिला नाही निलेशने. माझ्याच अंगणात त्याच्या जुन्या जीपखाली उताणा पडून मी वेल्डिंग केलं, बॉडी वीतभर उचलली, चारही चाकं ओढतील अशी केली. का, तर म्हणे, "भाऊ, डोंगर चढायचाय!"

दसऱ्याला जीपची पूजा झाली आणि माझ्याच अंगणात तिच्यावर कव्हर पडलं. सिन्नरच्या कच्च्या रस्त्यालाही नेईना. रंगाला ओरखडे पडतील म्हणे!

परवा जेवणाच्या सुट्टीत त्याचं स्टेटस पाहिलं. जीप दारापर्यंत चिखलाने माखलेली, खाली लिहिलेलं, 'डोंगर सर केला'. म्हटलं, गेला बाबा एकदाचा.

संध्याकाळी घरी आलो तर बायको तुळशीची रिकामी कुंडी घेऊन उभी. उपटलेली तुळस बाजूला पडलेली. मी अंगणात जागच्या जागी उभ्या जीपच्या दाराजवळ गेलो. चिखलात तुळशीच्या मंजुळा चिकटल्या होत्या.

शी!

खिशातून किल्ली काढली आणि दारावर या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढली.

रात्री जीप घरी नेऊन धुतल्यावर निलेशचा फोन आला. "भाऊ, दाराला एवढा मोठा ओरखडा कसा?"

"डोंगर चढलास ना? मग पडणारच."