बाईंच्या उजव्या हाताला

सिद्धारामनं डग्गा काखेत मारला, तबल्याखालच्या चुंबळी हनुवटीखाली दाबल्या आन् सतरंजी ओलांडून मंचाच्या पलीकडच्या अंगाला जाऊन बसला. बसला ते बसला, वर हातोडी काढून तबला ठोकायलाच लागला. जसं काय जलमापासनं त्याची जागा तीच.

पेटी पुसत बसलेला संघपाल नुसता बघत राहिला.

"सर, तुमी हितं बसल्यावर मी कुटं बसू? बाईंच्या डोक्यावर?"

"तू जा की तिकडं उजवीकडं. जागा काय कमी हाय व्हय?"

"आन् आजच काय झालं?"

"फॅनचं वारं लागतंय तिकडं. चामडं उतरतंय."

संघपालनं वर बघितलं. "सर, फॅन बंद हाय."

"मग सुरू झाल्यावर लागंल की!"

संघपाल हसला. पोरगं गुणाचं, गळ्यानं गोड, पण जिभेला हाड नाही. म्हणला, "फोटोवाला हिकडच्या बाजूला उभारणार हाय म्हणून तर न्हाय न्हवं?"

सिद्धारामनं हातोडी जोरात हाणली. बोलला असता तर खरं निघालं असतं.

विद्यालयात वर्षातनं एकदा मास्तरांची बैठक असते. वर्षभर पोरांनी मास्तरांच्या शिव्या खायच्या, आन् त्या दिवशी मास्तरांनी मंचावर बसून पोरांना वाजवून दाखवायचं. पोरं पुढं बसतात, आईबाप मागं, विश्वस्त खुर्च्यांवर. कुठला मास्तर कुठं चुकला ते पोरं आठवडाभर जिन्यात चघळतात. म्हणून मास्तर लोक त्या दिवशी पोरांपरीस जास्त घाबरलेले असतात, फक्त दाखवत नाहीत.

सिद्धाराम आजवर कधी घाबरला नव्हता. त्याच्या कानाची ख्याती. भिंतीपलीकडं पोरानं तिरकीटमधलं एक अक्षर खाल्लं तरी हा हितनं वरडणार, "परत!" पण औंदा संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेतनं घरी आला, जेवला, झोपला, आन् सकाळी उठला तर डावा कान ठार बंद. आधी वाटलं धूळ गेली असंल. तेल घातलं, शेक दिला. डॉक्टरकडं जाईस्तवर उशीर झाला होता. डॉक्टर म्हणले, उजवा चांगला हाय, तो जपा.

हे फक्त बायकोला, ईरम्माला ठाऊक. विद्यालयात सांगायची सोय नव्हती. बहिरा झालेला तबल्याचा मास्तर! कोण ठेवून घेणार? आन् ठेवला तरी पोरं कान आडवा करून हसणार.

शिकवणी चालत होती. पोराला उजवीकडं बसवलं की भागत होतं. पण बैठकीत तबलजी बसतो मुख्य कलाकाराच्या उजव्या हाताला. मग कलाकार येतो तबलजीच्या डाव्या कानाला. ही रीत काय सिद्धारामनं पाडलेली नव्हती. तिथं बसायचं म्हणजे सावित्रम्मा बाईंचं व्हायोलिन भिंतीपलीकडनं आल्यागत ऐकायचं. मागाचा धोटा जसा हिकडनं तिकडं जातो तसा त्याचा जीव चार दिवस चाललेला.

तेवढ्यात सावित्रम्मा बाई आल्या. हिरवं जरीकाठी लुगडं, हातात व्हायोलिनची पेटी. साठीला टेकलेल्या. घरात चार पिढ्या टॉवेल विणणाऱ्यांच्या. मागाच्या खडखडाटात व्हायोलिन शिकलेली बाई, त्यामुळं त्यांना कशाचा गलका कधी लागत नाही. जिना चढताना मात्र अलीकडं भिंतीला हात लावून चढायच्या. गुडघे धरले असतील, असं सगळे समजत.

त्या मंचावर आल्या, सिद्धारामला बघितलं, आन् थबकल्या.

"सर, चुकून बसलाय का हिकडं?"

"न्हाय बाई. आज हितंच बसतो. तुमचा गज डग्ग्याला लागतोय तिकडं."

"इतकी वरसं न्हाय लागला. गज लांब झाला व्हय माझा?"

"माझं पोट मोठं झालंय. मागं सरकता येत न्हाय."

संघपाल फिसकन हसला. बाई हसल्या नाहीत. "सर, तुमी माझ्या उजवीकडंच बसा. मला तशीच सवय हाय."

"सवय काय, मोडली की मोडती."

"माझी न्हाय मोडत. अय्यो, असं काय करालाय तुमी? ल्हान पोरागत!"

बाईंचा आवाज चढला तसा सिद्धारामचापण चढला. खोटं बोलणाऱ्याचा आवाज आधी चढतो. खाली पोरं सतरंज्या टाकत होती, ती थांबून बघायला लागली. सृष्टी नावाची ल्हानगी पोरगी तर प्रेक्षकांच्या बाजूला पाठ करून मंचाकडं तोंड वासून उभी. सिद्धारामनं राग तिच्यावर काढला.

"ए सृष्टे! किती येळा सांगितलंय? मंचापाशी आलं की ऐकणाऱ्याला पाठ दावायची न्हाय! देवाला दावत्यात व्हय पाठ?"

पोरगी गर्रकन वळली. मग सिद्धाराम हातोडी खाली ठेवत हळू म्हणला, "बाई, हितं बसू द्या न्हायतर मी आज वाजवत न्हाय."

बाई त्याच्याकडं बघत राहिल्या. बघायला त्यांनी सगळी मान फिरवली होती. मग आसनावर बसल्या आन् गजाला राळ लावायला लागल्या. नेहमीपेक्षा जास्त येळ लावत राहिल्या.

सांज झाली, लोक आले. ईरम्मा पोरांच्या मागं, आईबापांच्या पहिल्या रांगेत बसली. खुर्चीवर बसवेशअण्णा, विद्यालयाचे मोठे विश्वस्त, मांडीवर शाल घेऊन. बाईंनी मारवा धरला. घराच्या दारापाशी येऊन थांबायचं, पण उंबरा लवकर ओलांडायचा नाही, असला राग. एरवीच माणसाला बसू देत नाही.

आन् सिद्धारामला ऐकू आलं. संक्रांतीपासनं पहिल्यांदा. गज तारेवर टेकताना होणारी खसखस, मींड खाली येताना बाईंचा सुस्कारा, सगळं उजव्या कानात स्वच्छ. त्याच्या बोटांना पाय फुटले. ठेका धरला तो असा, की संघपालनं पेटीवरनं मान वर करून बघितलं.

पण थोड्या येळानं काहीतरी बिनसायला लागलं.

बाईंची एक खोड होती. आपलं वाजवून झालं की भुवई उचलायच्या, म्हणजे 'आता तुमी.' सिद्धाराम तुकडा वाजवायचा, समेवर येताना मान हलवायचा, आन् बाई त्या मानेवर बरोबर गज टाकायच्या. बोलायचं कामच पडत नसे.

आज बाई भुवई उचलत होत्या ती पेटीकडं बघून, सवयीनं उजवीकडं. संघपाल गोंधळून हसायचा. सिद्धारामनं तिहाई घेतली, समेवर जोरात मान टाकली. बाई आल्याच नाहीत. मागनं आल्या, गज खरडला. पुढच्या रांगेत दोन पोरांनी एकमेकांना कोपर मारलं.

'रुसली बाई,' सिद्धारामच्या मनात आलं. 'जागेवरनं रुसली, आन् आता चारचौघांत माझी जिरवालीय.' त्यानं आणखी एक तिहाई घेतली, आणखी मोठी मान टाकली. बाईंनी त्याच्याकडं ढुंकून बघितलं नाही. 

मारवा कसाबसा उंबऱ्यावर आणून संपवला. टाळ्या झाल्या. बाई गज ठेवायला वळल्या, तर डाव्या अंगाला ठेवलेला पाण्याचा तांब्या कोपरानं उलटा. पाणी सरळ डग्ग्याकडं. सिद्धारामनं डग्गा उचलून छातीशी धरला आन् दातातल्या दातात म्हणला,

"दिसत न्हाय व्हय, बाई?"

बाईंनी तांब्या उभा करायला हात घातला, तो तांब्याच्या ईतभर अलीकडं पडला. चाचपत पुढं गेला. मग कोंबडी दाण्याकडं बघती तशी बाईंनी सगळी मान वळवून उजवा डोळा तांब्यावर आणला, आन् मग तो उचलला.

सिद्धाराम डग्गा छातीशी धरून तसाच बसला. जिन्यातल्या भिंतीवरचा बाईंचा हात त्याच्या डोळ्यांपुढं आला. डावा हात. गुडघे धरलेला माणूस दोन्हीकडच्या भिंती धरतो.

मधल्या सुट्टीत मागच्या खोलीत चहा होता. बाई खिडकीपाशी खुर्चीवर एकट्या. सिद्धारामनं दोन कप घेतले, त्यांच्या डाव्या अंगाला गेला आन् एक कप पुढं केला. न बोलता. बाई समोर बघत राहिल्या. कपातनं वाफ त्यांच्या गालापाशी जात होती.

तो खुर्चीमागनं फिरून उजवीकडं आला. बाईंनी लगेच कप घेतला.

"तुमी व्हय? कवा आला?"

"आत्ताच."

दोघांनी फुंकून फुंकून चहा पिला. पोरं दारातनं डोकावून पळत होती.

"चुकलं माझं," बाई म्हणल्या. "दोनदा सम गेली."

"एकदाच गेली."

"दोनदा. तुमी काय मला शिकवता?" बाईंनी कप खाली ठेवला, ठेवायच्या आधी हातानं टेबल चाचपलं. "पन तुमी मात्र लई चांगलं वाजवालाय आज. संक्रांतीपासनं तुमी असं वाजवलंच न्हवतं. मला वाटायचं, सरांचं लक्ष कुटं असतंय?" पदर सारखा केला. "तुमाला तिकडं बसून जमालंय तर बसा तिकडंच. मी बघून घेते माझं."

सिद्धारामनं तोंड उघडलं. 'बाई, माझा डावा कान...' हितपर्यंत सगळं जिभेवर आलं होतं.

"काय?" बाई म्हणल्या.

"काय न्हाय. साखर जास्त पडलीया चहात."

"मला तर कमी वाटली."

तेवढ्यात संघपाल आला. "चला सर. बसवेशअण्णा घड्याळ बघालेत."

लोक बसले. बाई आसनावर जाऊन बसल्या, व्हायोलिन खांद्याला लावलं आन् डावीकडं मान वळवून वाट बघायला लागल्या. सिद्धाराम आला. डग्गा काखेत, चुंबळी हनुवटीखाली. बाईंच्या पुढनं निघाला आन् उजवीकडं, आपल्या जुन्या जागेवर गेला.

"उठ," संघपालला म्हणला.

"आता परत? सर, मी काय बुद्धिबळातलं प्यादं हाय का?"

"उठ म्हणतो न्हवं."

संघपाल पेटी उचलून पुटपुटत पलीकडं गेला. सिद्धारामनं चुंबळी मांडल्या, तबला ठेवला, डग्गा ठेवला. पण उलट्या बाजूनं. मग लोकांकडं पाठ करून, भिंतीकडं तोंड करून खाली बसला. आता बाई त्याच्या उजव्या कानाला होत्या, आन् तो बाईंच्या उजव्या डोळ्याला.

हॉलमध्ये खसखस पिकली. पोरांच्या रांगेतनं सृष्टीचा आवाज आला, "सरांनी पाठ दावली!" कोणीतरी तिचं तोंड दाबलं. बसवेशअण्णांनी शाल मांडीवरनं खांद्यावर घेतली आन् मोठ्यानं खाकरले. संघपाल पेटीवर वाकून कुजबुजला, "सर, लोक! तोंड फिरवा की ओ! उद्या बोलणी खाशिला!"

सिद्धारामनं हातोडी घेतली. "बाई, सा द्या."

बाई त्याच्याकडं बघत होत्या. मान न वळवता, नुसत्या बघत होत्या. मग त्याच्या डाव्या बाजूला बघितलं, तिथं मोकळी भिंत होती. परत त्याच्याकडं बघितलं. बऱ्याच येळानं त्यांनी गज उचलला आन् सा दिला, लांब, दमदार, तबला लागून झाला तरी सोडलाच नाही.

मागं ईरम्मानं पदर तोंडाला लावला.

पुढं काय वाजलं ते लोकांनी ऐकलं. बाईंची भुवई वर गेलेली सगळ्यांना दिसली. सिद्धारामचा चेहरा मात्र कुणालाच दिसला नाही. दिसली ती घामानं भिजलेली पाठ, आन् प्रत्येक समेला हलणारी त्याची मान.